‘स्टोनवॉल’ जॅक्सन: विक्षिप्तपणाच्या आडोशाला

व्हर्जिनियातील लेक्सिंग्टन येथील लष्करी विद्यालयात १८५१ पासून पदार्थविज्ञान शिकविणारा थॉमस जॅक्सन हा, आम्हा अध्यापकांच्या भाषेत सांगायचे तर, ‘पडेल’ प्राध्यापक होता. सायंकाळी दिवा न लावता भिंतीकडे तोंड करून तो उद्याचे व्याख्यान घोकत बसे; वर्गात कोणी शंका विचारलीच, तर तोच भाग शब्दशः पुन्हा म्हणून दाखवी. विद्यार्थ्यांनी त्याला ‘खुळा टॉम’ ठरविले होते.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि हाच मास्तर दक्षिणेचा धडाडीचा सेनानी ठरला. २१ जुलै १८६१ रोजी मॅनॅससच्या रणांगणावर त्याची तुकडी पाय रोवून उभी राहिली आणि ‘स्टोनवॉल’, म्हणजे दगडी भिंत, हे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढील वर्षी शेनांडोआ खोऱ्यात सुमारे १७ हजार सैनिकांनिशी त्याने उत्तरेच्या कितीतरी मोठ्या फौजा झुलवत ठेवल्या.

त्याच्या लहरींचे किस्से अमाप आहेत. शरीराचा तोल साधावा म्हणून तो एक हात वर धरून घोडा हाके. पाठ खुर्चीला टेकू देत नसे. रविवारी टपालात राहील असे पत्र तो पाठवीत नसे. (सतत लिंबू चोखण्याची कथा मात्र बरीचशी सांगोवांगीची; फळ कोणतेही असो, त्याला प्रिय होते.) असा हा रविवारचा व्रतस्थ २३ मार्च १८६२ रोजी कर्न्सटाऊनला लढला तो रविवारीच, आणि त्याचे समर्थन त्याने पत्नीला लिहून कळविले.

या गमतीजमतींत एक प्रश्न मागे पडतो: हा मनुष्य लढला कशासाठी? राज्यांच्या हक्कांसाठी, असे उत्तर ठरलेले असते. पण मिसिसिपी राज्याने १८६१ मध्ये फुटून निघताना आपली भूमिका गुलामगिरीशी एकरूप असल्याचे स्वच्छ लिहून ठेवले आहे. १८६० च्या शिरगणतीत ३९ लाखांहून अधिक माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती, आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा त्यांच्या श्रमांवर पिकणाऱ्या कापसाचा होता. तो कापूस अडला तेव्हा मुंबईच्या शेअरबाजाराला चढलेली धुंदी व १८६५ ची पडझड आपल्या परिचयाची आहे.

जॅक्सनच्या घरीही सहा गुलाम होते. तरीही १८५५ पासून तो कृष्णवर्णीयांसाठी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग चालवी. चरित्रकार यात त्याची दयाबुद्धी पाहतात. ती नव्हती असे मी म्हणणार नाही. मला मात्र ही गोष्ट अधिक भयंकर वाटते. ज्यांच्या आत्म्याच्या उद्धाराची त्याला एवढी तळमळ होती, त्यांच्या देहाची मालकी त्याने ईश्वरी योजना मानून निमूट स्वीकारली. दुष्ट माणसांपुरतीच ही व्यवस्था असती, तर ती इतकी टिकली नसती.

२ मे १८६३ च्या रात्री चॅन्सलर्सव्हिल येथे त्याच्याच सैनिकांनी अंधारात त्याच्यावर गोळ्या झाडल्या. डावा हात कापावा लागला. १० मे रोजी न्यूमोनियाने तो मरण पावला. हात एका ठिकाणी पुरलेला, देह दुसरीकडे. आख्यायिकेला आणखी काय हवे? रिचमंडमध्ये १९१९ साली त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. तो १ जुलै २०२० रोजी उतरविण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्या जुन्या विद्यालयानेही आवारातील पुतळा हलविला. नवागत विद्यार्थ्यांना त्या पुतळ्याला सलाम करावा लागे, ही प्रथा त्याआधी काही वर्षेच बंद पडली होती.