तेलातली आम्ले मोजणारे यंत्र आणि आपला नमुना



उसाच्या फेरपालटीला तेलबी घ्या, असे आम्ही मेळाव्यात नेहमी सांगतो. त्यावर अकोट भागातून हमखास प्रश्न येतो : करडईत तेल किती ते समजते, पण तेल कसे आहे ते कोण सांगणार?

उसाच्या रसात ब्रिक्स वेगळा, पोल वेगळा. तसाच तेलाचा उतारा वेगळा आणि त्यातली स्निग्धाम्ले वेगळी. साध्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल शेकडा ७० च्या वर असते. जवसात लिनोलेनिक निम्म्याच्या आसपास भरते, म्हणून ते तेल लवकर सुकते आणि रंग-वार्निशाला चालते. ओलिक जास्त असलेले तेल तळणीत टिकते.

१९५२ साली इंग्लंडात जेम्स व मार्टिन यांनी वायूच्या प्रवाहात हलकी स्निग्धाम्ले एकामागून एक वेगळी करून दाखविली. ती मोजायला त्यांनी आपोआप नोंद करणारी ब्युरेट जोडली होती. आज बियांतले तेल काढून त्याचे मिथिल एस्टर, म्हणजे सहज वाफ होणारे रूप, करतात व थेंबाहून लहान अंश बारीक नळीत सोडतात. प्रत्येक आम्ल आपल्या वेळेला बाहेर पडते. पूर्वी माणूस एकेक नमुना सुईने सोडी आणि कागदावरची शिखरे मोजी. आता कुप्या ओळीने लावल्या की यंत्र रात्रभर नमुने घेते व संगणक टक्केवारी काढतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेएस-२०७, पीकेव्ही पिंक असे करडईचे वाण दिले आहेत. ओलिक वाढलेले वाण निवडायचे तर शेकडो झाडांचे बी तपासावे लागते. ते नुसत्या हाताने उरकत नाही.

पण यंत्र पाहते ते कुपीतले तेल. तुमचे वावर नव्हे. ओलिक वाणात साधी करडई मिसळली की आकडा खाली येतो आणि सगळा माल साध्या भावात जातो. म्हणून :

१. मळणीयंत्र आधी झाडून घ्या.
२. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, खालून मूठ-मूठ काढा.
३. ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा. किलोभर उरेपर्यंत असेच करा.
४. बी वाळलेले असावे. वाण, गट नंबर व तारखेची चिठ्ठी आत टाका.
५. अर्धा नमुना सील करून घरी ठेवा. आकड्यावर वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.

उसाचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहता. नमुनाही तसाच पाहावा.

— ऊस विकास अधिकारी