राखणीच्या कुत्र्याचें पहिलें शिक्षण

कुत्र्याचें पिल्लूं तिसऱ्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत जें पाहतें, तें आपलें मानतें. पुढें नवें सर्व त्यास परकें वाटूं लागतें. यास्तव मेंढरें राखावयाचें पिल्लूं आठवे आठवडीं आईपासून काढून मेंढवाड्यांत, शांत मेंढ्यांजवळ ठेवावें. माणसें, बैल, मोटार यांचीही ओळख करून द्यावी. कोंकरांमागें धांवल्यास तत्काळ अडवावें, मारूं नये. तीन महिन्यांचें होतांच पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी.

नोकरीच्या व्यापांत आम्हीं एक पिल्लूं सहा महिने साखळीस बांधून ठेविलें. सोडतांच त्यानें शेजाऱ्याचें कोंकरूं फाडलें. आम्हांस भरपाई द्यावी लागली. कुत्रें मात्र जन्मभर साखळीसच राहिलें. दोष त्याचा नव्हता. शेतकरी बंधूंनीं ही चूक करूं नये.