वाणीच्या मर्यादेचा धडा

दरवर्षीं १२ जानेवारीस सोलापुरांत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांस हार चढतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हीं नांवें आमच्या मुलांस मुखोद्गत असतात. परंतु १९३० च्या मे महिन्यांत या शहरांत जें घडलें त्याचा विचार करावयास त्यांस कोणी लावतो काय?

८ मे रोजीं पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, खवळलेल्या जमावानें चौकी जाळली, कांहीं पोलिस प्राणांस मुकले. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत चालला. आणि राष्ट्रीय निशाण बाळगणें हाही अपराध ठरला! पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी दिलें. त्यांतील कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ पत्राचे संपादक होते.

निशाण हातीं धरल्यानें कोणाच्या केसासही धक्का लागत नाहीं. चौकीस आग लाविल्यानें माणूस मरतो. या दोहोंच्या मध्यें तिसरा एक उभा असतो, जो पेटलेल्या जमावास ‘जाळा’ म्हणून सांगतो. मर्यादेचा प्रश्न काय तो या तिसऱ्याचा. परकी सरकारनें निशाणवाल्यासही त्याच्याच पंक्तीस बसविलें. तीच चूक स्वकीयांनीं केली तर आमचीं मुलें ती ओळखतील, असा आम्हांस भरंवसा वाटत नाहीं.

२०१२ च्या नोव्हेंबरांतील पालघरचें प्रकरण घ्या. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एका तरुणीनें फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनें त्यांस पसंती दिली, आणि दोघींस अटक झाली. कोणास मारा, कांहीं फोडा, असें त्यांत अक्षर नव्हतें. मोडतोड झाली ती एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची! ज्या ६६-अ कलमाचा तेव्हां आधार घेतला, तें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ मध्यें रद्द केलें, व चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांतील भेद स्पष्ट केला. घटनेच्या १९ व्या कलमांतील निर्बंधांची यादी मुलें परीक्षेपुरती घोकतात; १९५१ च्या दुरुस्तीनें तेथें आलेला ‘वाजवी’ हा शब्द कशाकरितां, हें मात्र त्यांस कोणी विचारीत नाहीं.

मुलांस हक्क शिकविले तर तीं उलट बोलतील, अशी कांहीं गुरुजींस धास्ती वाटते. केरळांत तर तीन मुलें बोललींही नाहींत! राष्ट्रगीताच्या वेळीं तीं आदरानें उभीं राहिलीं, पण धर्मश्रद्धेमुळें गाइलीं नाहींत, म्हणून शाळेनें त्यांस काढलें. १९८६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत घ्यावयास लाविलें. उलटपक्षीं, सोबत्यास जातीवरून हिणवून ‘हें माझें मत आहे’ म्हणणारा मुलगाही वर्गांत असतोच. तें मत नव्हे, हें त्यास समजावून सांगणें हाही या धड्याचाच भाग होय.

येथील मुख्याध्यापकांस आमची सूचना एवढीच कीं, येत्या १२ जानेवारीस भाषणांतून एक तास वांचवावा. निशाणवाला, चिथावणारा, आग लावणारा व पालघरची तरुणी असे चौघे वर्गापुढें ठेवून कोणास शिक्षा द्यावी व कां, हें मुलांसच ठरवूं द्यावें. गुरुजींनीं आपलें मत तास संपेपर्यंत सांगूं नये.