एकेचाळीस तास

लेखमाला : अपुऱ्या दिवसांची गोष्ट (भाग चौथा)

सुजलेल्या बोटांतली जोडवी कापावी लागली, तिथपर्यंत मागच्या आठवड्यात आलो होतो. सोनाराच्या दुकानातून मी घरी न जाता थेट दवाखान्यात गेले, म्हणून आज हे लिहिते आहे. घरी गेले असते तर पुन्हा सुंठ-साखर चाटत बसले असते. तीन रात्री पोटात वरच्या बाजूला, उजव्या बरगडीखाली, कुणी आतून मूठ दाबून धरल्यासारखं दुखत होतं आणि घरात सगळ्यांनी मिळून त्याला पित्त ठरवलं होतं. मीही. "दिवसांत पाय सुजतातच, आणि जळजळ तर काय, कुणाला होत नाही?" सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांचं खोटं नव्हतं. पाय बहुतेकींचे सुजतात. पण सकाळी उठल्यावर तोंडही सुजलेलं असलं, डोकं ठणकत असलं, डोळ्यांपुढे काजवे चमकत असले आणि बरगडीखालची ती मूठ सुटत नसली, तर ते पित्त नसतं. ते यकृत असतं. यकृताला सूज येते, त्याच्या वरचं आवरण ताणलं जातं आणि ते दुखतं.

विट्याच्या दवाखान्यात सिस्टरने दोनदा पट्टा गुंडाळला. १७०/११०. तिने दंड बदलून तिसऱ्यांदा पाहिलं. तेवढंच. लघवीच्या तपासणीत प्रथिनं निघाली. तिसावा आठवडा पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. सातवा महिना सरत आला होता. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर जाणं आणि त्याबरोबर लघवीत प्रथिनं किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्त यांच्यावर परिणाम दिसणं म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. दाब १६०/११० च्या पुढे गेला की तो गंभीर. मी त्या रेषेच्याही पलीकडे होते, आणि दोन तासांपूर्वी सोनाराशी घटीवरून हुज्जत घालत होते.

हा आजार येतो कुठून? सुरुवात होते वारेत, तीही पहिल्या काही महिन्यांतच. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या बारीक, वळणावळणाच्या रक्तवाहिन्या रुंद करून घेतात. आमच्याकडे द्राक्षबागेत पाणी सोडण्याआधी पाट खोरून मोठा करतात, तसं. काहीजणींमध्ये हे खोरणं अर्धवट राहतं. मग पुढे बाळाची भूक वाढते आणि पाट मात्र तेवढाच. उपाशी वार आईच्या रक्तात अशी काही द्रव्यं सोडते की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिन्या आकसतात, म्हणून दाब चढतो. त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं निसटतात. पाटाची उपमा इथे मला सोडावी लागते, कारण नवऱ्याला वाटलं की पाणी कमी पडलं म्हणून शरीराने मोटरचा दाब वाढवला असेल, आणि त्याचं म्हणणं इतकं पटण्याजोगं होतं की मीही आठवडाभर तेच धरून बसले होते. तसं नाही. हा वाढलेला दाब कुणाच्याही उपयोगाचा नसतो.

गोळ्यांनी दाब खाली आणता येतो, पण मूळ वारेत असल्याने आजार उतरायला लागतो तो वार शरीराबाहेर आल्यावरच. म्हणजे उपचार एकच, बाळंतपण. सदतिसाव्या आठवड्यात हे ऐकलं असतं तर मी बॅग उचलून निघाले असते. तिसाव्या आठवड्यात या वाक्याचा अर्थ असा होता की माझ्या आजाराचं औषध बाळाच्या पदरातून घ्यायचं.

विट्याच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी केल्या. दाबाची गोळी दिली. मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली, दोन्ही कुल्ल्यांत एकेक, आणि ती इतकी दुखली की त्यांचं वर्णन मी टाळते. आणि सव्वाअकरा वाजता दंडात डेक्सामेथासोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. मंगळवार होता. मग १०८ ची गाडी बोलावली आणि मला मिरजेला पाठवलं. "बाळाला पेटीत घालून नेण्यापेक्षा पोटात घालून नेलेलं चांगलं," असं ते नवऱ्याला म्हणाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईच्या पोटाइतकी सुरक्षित गाडी नाही, हे सगळे बालरोगतज्ज्ञ सांगतात. डाव्या कुशीवर झोपून मी तो दीड तास काढला.

डेक्सामेथासोन मला नव्हतं, बाळाला होतं. त्याची गोष्ट मेंढ्यांपासून सुरू होते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर बाळंतपण सुरू कशाने होतं याचा शोध घेत होते. मेंढीच्या पोटातल्या कोकरांना ते स्टेरॉइड देऊन पाहत. फार लवकर जन्मलेलं एक कोकरू, जे मेलेलं सापडायला हवं होतं, ते श्वास घेताना दिसलं. त्याच्या फुप्फुसांत हवा शिरली होती. लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्याबरोबर २८२ आयांवर चाचणी केली आणि १९७२ साली निष्कर्ष छापला : आईला इंजेक्शन द्या, बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. एवढं स्वस्त औषध, पण डॉक्टरांच्या रोजच्या वापरात यायला त्याला वीस-बावीस वर्षं लागली. अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने त्याची ठाम शिफारस केली ती १९९४ मध्ये. मधल्या वर्षांत किती बाळं गेली असतील, हा हिशेब मी दवाखान्यात पडल्या पडल्या करत बसायचे. करू नये असा हिशेब.

फुप्फुसं तयार होणं म्हणजे काय, तेही सांगते. ओली प्लास्टिकची पिशवी चिकटून बसते तेव्हा ती उघडायला किती फुंकर घालावी लागते, आठवा. फुप्फुसातल्या लाखो इवल्या पिशव्यांचं तसंच होऊ नये म्हणून त्यांच्या आत साबणासारखं एक द्रव्य पसरलेलं असतं, सर्फॅक्टंट. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत ते पुरेसं साठत नाही. १९५९ मध्ये डॉ. मेरी एलेन एव्हरी यांनी दाखवून दिलं की श्वासाच्या त्रासाने दगावणाऱ्या बाळांमध्ये नेमकं हेच कमी असतं. चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर, बाप देशाचा सर्वेसर्वा, आणि बाळ एकोणचाळीस तासांत गेलं. तेव्हा देण्यासारखं काही नव्हतंच.

बारा तासांच्या अंतराने चार इंजेक्शनं, आणि पहिल्यापासून अठ्ठेचाळीस तास मिळाले तर उत्तम, असं मिरजेच्या मॅडमनी समजावलं. त्या कागदावर रेघ मारून बोलत. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बाळ. "पोटात काढलेला एकेक दिवस बाळाच्या फायद्याचा आणि तुमच्या तोट्याचा. मी दोघींचा हिशेब ठेवणार आहे. तुम्ही फक्त मला खरं सांगायचं." बाळ मुलगी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, सांगताही आलं नसतं. 'दोघी' हा शब्द त्या वॉर्डात सवयीने वापरत, माझ्या मात्र मनात बसला.

बुधवार असा गेला : दर तासाला दाब, लघवी मोजायची पिशवी, आणि गुडघ्यावर टकटक करणारी छोटी हातोडी. मॅग्नेशियम अंगात जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, मग श्वास मंदावतो. म्हणून ती हातोडी. शिरेतून औषध जाताना अंगभर ऊन लागल्यासारखं तापायचं. नवऱ्याने बाटलीवरचं नाव वाचलं आणि मला हळूच विचारलं, "हे आपण द्राक्षाला टाकतो तेच ना?" तेच. पानं पिवळी पडू लागली की बागेला देतात तेच मीठ, इथे शुद्ध करून, मोजून. २००२ साली तेहतीस देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीने दाखवलं की त्याने या आजारात फिटचे झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूलाही त्याचं संरक्षण मिळतं. शेतकऱ्याच्या घरात या माहितीने जेवढा धीर आला, तेवढा कशानेच आला नाही.

दुपारी नवऱ्याची मावशी भेटायला आली. "सातव्यात झालं तर जगतं. आठवा लागू देऊ नका बाई." हा समज केवळ आपला नाही, प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही आठव्या महिन्याचं बाळ तरत नाही असंच म्हटलेलं आहे. दोन्हीकडचे लोक सपशेल चुकले. बाळ जितकं पुढे जाईल तितकं तरण्याची शक्यता वाढते, आठव्याला कसलाही शाप नाही. पण मावशी गेल्यावर मी बोटांवर महिने मोजले, हेही खरं. मराठी शाळेत विज्ञान शिकवते मी.

आता मुख्य गोष्ट, जी मी अजून घरीही नीट सांगितलेली नाही. बुधवारी संध्याकाळी आठच्या सुमाराला डोकं पुन्हा ठणकू लागलं. सिस्टर आली. "ताई, डोकं कसंय?" मी म्हटलं, थांबलंय. रात्री सव्वाअकराला चौथं इंजेक्शन झालं, तेव्हा तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मला अठ्ठेचाळीस तास हवे होते. गुरुवारी सव्वाअकरापर्यंत. ते बाळाचे होते आणि मी ते चोरून का होईना तिला देणार होते. त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

किती मूर्खपणा होता तो! मला झटका आला असता तर माझा श्वास अडला असता आणि पोटातल्या बाळाचा प्राणवायू माझ्याआधी तुटला असता. वार फाटून निघण्याचा धोका वेगळाच. मी तिचे तास वाढवत नव्हते, दोघींनाही जुगारावर लावत होते. आमच्याकडे आई होणं म्हणजे सोसणं, असं इतकं लहानपणापासून कानावर पडतं की दुखणं सांगणं कमीपणाचं वाटतं. आणि या आजाराला पकडायला डॉक्टरांच्या हातात आधी आपलं सांगणंच असतं. पोटात बाळ असताना डोकं दुखत असेल तर सांगा. तीनदा सांगा.

मला वाचवलं ते रक्ताच्या अहवालाने. प्लेटलेट मंगळवारी १,४०,०००, बुधवारी सकाळी ९८,०००, आणि रात्री दोनला ८२,०००. यकृताचे आकडे वर. मॅडम रात्री आल्या, हातोडीने गुडघा पाहिला, पाय टणकन उडाला. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डोकं दुखतंय ना?" मी रडले. त्या रागावल्या नाहीत. "चार डोस पोचलेत. खूप झालं. आता वार काढायची."

पहाटे सव्वाचार. एकेचाळीस तास.

मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला, एकदाच. मुलगी, अकराशे पन्नास ग्रॅम. दाखवली ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. अंगाची ऊब जाऊ नये म्हणून इतक्या लहान बाळांना न पुसताच तसं गुंडाळतात, हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त पिशवी दिसली. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, म्हणून मॅग्नेशियम पुढचे चोवीस तास चालू राहिलं आणि मी तिला पाहिलं ते शुक्रवारी, चाकाच्या खुर्चीतून. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, आणि बाटलीत अखंड बुडबुडे. त्या बुडबुड्यांच्या दाबाने फुप्फुसातल्या पिशव्या मिटत नाहीत. काचेच्या पेटीवर नाव : 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं. जगात २०२० साली सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी आधी आली, त्यांतली तीस लाखांच्या आसपास भारतात. त्या खोलीत सात होती आणि प्रत्येकाची आई बाहेरच्या बाकावर हाताने दूध पिळत बसलेली. पहिल्या दिवशी माझं निघालं दोन मिली. चीक म्हणून सिस्टरने ते सिरिंजमध्ये असं जपून घेतलं की जणू केशर.

पाचव्या दिवशी सासूबाई कोरा कागद आणि पेन घेऊन आल्या. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार, तर तिला लिहायला काही हवं. आत नेता येईना. त्यांनी वादही घातला नाही. कागद व्हरांड्याच्या खिडकीत ठेवला, वर पेन ठेवलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून सकाळपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मला ग्रहणात काय कापलं, पपई खाल्ली का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. इतरांनी विचारलं. या आजाराचा पपईशी संबंध नाही, ग्रहणाशी नाही. पहिलं बाळंतपण, जुळं, मधुमेह, आधीपासूनचा रक्तदाब, आई-बहिणीला झालेला असणं, यांनी धोका वाढतो. धोका जास्त असेल तर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेतली ॲस्पिरिन देतात. माझ्या आईला मी पोटात असताना 'दाब होता', हे मला तिने मिरजेला सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं तिला.

नवऱ्याने फवारणीच्या वहीत मागच्या पानावर वजनं लिहायला घेतली. ११५०. १११०. १०८५. १०७०. पहिले काही दिवस वजन उतरतंच, सांगितलं होतं; तरी सकाळी काटा बघताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो नाही. नवव्या दिवशी नाकातली नळी निघाली. अकराव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, आता कांगारू करायचं. १९७८ साली बोगोटामध्ये डॉ. एडगर रे यांच्याकडे पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून त्यांनी बाळं आयांच्या छातीला उघड्या अंगाने बांधायला सुरुवात केली. आज पेट्या असल्या तरी ते करतात, कारण बाळं त्याने जास्त जगतात. माझे टाके तेव्हा पाघळत होते, ताप होता. सिस्टरनी नवऱ्याकडे पाहिलं. "दादा, शर्ट काढा."

तो बागेतला माणूस. त्याने तीनदा साबणाने अंग धुतलं, तरी औषधाचा वास जात नाही म्हणून चौथ्यांदा धुवायला गेला. मग खुर्चीत बसला, सिस्टरनी टोपी-लंगोट घातलेली ती मूठभर पोर त्याच्या छातीवर बेडकासारखी उभी कशी ठेवायची ते दाखवलं, वरून पट्टा बांधला. तासभर तो हलला नाही. पाय बधिर झाला तरी. संध्याकाळी वहीत १०९५ लिहिलं होतं, आणि पुढे कंसात, वेळ : चार ते पाच.

(पुढील भागात : तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्यांची तपासणी)