दुकानात बसणारी मुले आणि गोष्टीची वही

आपल्या व्यापारी आणि कारागीर कुटुंबांत शाळेच्या पटावर नाव नसलेली, पण शिक्षण न सोडलेली मुले बरीच आढळतात. कुणी आठवीनंतर वडिलांबरोबर दुकानात बसतो आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा बाहेरून देतो. कुणा मुलीच्या गावात सातवीपुढे वर्ग नसतो, म्हणून ती घरीच पुस्तके उघडते. काही पालक तर विचारपूर्वक मुलांना घरी शिकवतात. अशा मुलांच्या गणिताची आणि इंग्रजीची काळजी घेतली जाते, शिकवणी लावली जाते. पण स्वतःच्या मनाने मराठीत चार ओळी कशा लिहाव्यात, हे त्यांना सहसा कोणी शिकवीत नाही. या लेखात आम्ही त्याविषयी, आणि त्यातही लहान गोष्ट लिहिण्याविषयी बोलणार आहोत. धंद्याच्या पानावर गोष्टीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. त्याचा खुलासा पुढे होईलच.

सोय आहे, सवय नाही

घरी शिकणाऱ्यांसाठी परीक्षेचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. दुसरा, केंद्र सरकारने १९८९ मध्ये सुरू केलेले राष्ट्रीय मुक्त विद्यालय. २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने चालते. तेथे १४ वर्षे पूर्ण झालेल्यास दहावीच्या परीक्षेसाठी नोंदणी करता येते, ५ विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्यासाठी ५ वर्षांत ९ संधी मिळतात. उर्दू आणि मराठी ही दोन्ही माध्यमे तेथे आहेत. सीझनमध्ये दुकान सोडता न येणाऱ्या मुलाला एकेक विषय सवडीने देता येतो, ही मोठीच सोय म्हटली पाहिजे.

मात्र सोय असली तरी लिहिण्याची सवय आपोआप येत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन आहे. पत्र, बातमी, जाहिरात यांबरोबर कथालेखनही त्यात येते. शाळेतल्या मुलाला निदान वर्गात एकदा तरी गोष्ट लिहावी लागते. घरी शिकणारा मुलगा गाईडमधली तयार गोष्ट पाठ करतो. परीक्षेत मुद्दे वेगळे आले की त्याची लेखणी थांबते. घरात दख्खनी किंवा कोकणी, अभ्यास उर्दूत आणि पेपर मराठीचा, अशी स्थिती असेल तर अडचण आणखी वाढते.

शाळेबाहेरचे लेखक

शाळा नाही म्हणजे लेखन नाही, ही समजूत मात्र खोटी आहे. अण्णाभाऊ साठे वाटेगावच्या शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. पुढे मुंबईत मिळेल ते काम करीत त्यांनी अक्षरे गिरवली आणि पुष्कळ कथा व कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. रशियाचे मॅक्झिम गॉर्की लहान वयातच जोड्यांच्या दुकानात कामाला लागले. पुढे काझान शहरात ते बेकरीत राबले, आणि तळघरातल्या बेकरीत काम करणाऱ्या २६ माणसांची त्यांची १८९९ सालची कथा जगभर वाचली गेली. या दोघांना विषय शोधायला बाहेर जावे लागले नाही. ज्या कामात हात होता, तेच कागदावर आले.

आपल्या मुलांजवळ हे भांडवल भरपूर आहे. मिरजेत सतार-तंबोरा करणाऱ्या घरातल्या पोराला कोणता भोपळा वाद्याला चालेल आणि कोणता नाही, हे कळते. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावरचा मुलगा धोट्याचा आवाज बदलला की मान वर करतो. किराणा दुकानातल्या मुलीला कोणते गिऱ्हाईक उधारी मागण्याआधी इकडच्या तिकडच्या गप्पा मारते, ते ठाऊक असते. शहरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाजवळ यातले फारसे काही नसते. आपल्या मुलांना फक्त एवढे कोणी सांगितलेले नसते, की हेही लिहिण्याजोगे आहे.

शिकवावे कसे

यासाठी पदवीधर मास्तरच हवा असे नाही. मोठी बहीण, चुलतभाऊ, मोहल्ल्यातला एखादा निवृत्त शिक्षक, किंवा स्वतः अब्बा-अम्मी यांनी कारखाना बंद असेल त्या दिवशी एक तास दिला तरी पुरे. ४-५ मुले एकत्र बसली तर अधिक चांगले. एकाचे ऐकून दुसऱ्याला सुचते.

पहिल्या दिवशी लेखणी हाती देऊ नये, आधी बोलू द्यावे. ‘या आठवड्यात दुकानात काय बिघडले?’ एवढाच प्रश्न विचारावा. जे सुरळीत पार पडले त्याची गोष्ट होत नाही. जे अडले त्याची होते. मुलगा आपल्या घरच्या बोलीत सांगेल. सांगू द्यावे, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. मग तेच ऐकत त्याने कागदावर उतरवावे. मराठी शब्द अडला तर तेथे घरचा शब्द लिहून पुढे जावे. शब्द नंतर बदलता येतो, पण तुटलेला धागा पुन्हा जुळत नाही.

दुसऱ्या बैठकीला प्रेमचंदांची ‘ईदगाह’ वाचून दाखवावी. बहुतेकांना ती माहीत असते, पण कारागिराच्या नजरेने पुन्हा पाहावी. हामिदजवळ ३ पैसे आहेत. महमूदजवळ १२, मोहसिनजवळ १५. लेखकाने गरिबीवर व्याख्यान दिलेले नाही, हिशेब दिला आहे. पुढे लोखंडाच्या दुकानात चिमट्याचा भाव ६ पैसे सांगितला जातो आणि हामिद घासाघीस करतो. घासाघीस म्हणजे दोन माणसांचे बोलणे, आणि गोष्टीतला संवाद तोच. भाव करता येणाऱ्या मुलाला संवाद लिहिता येणार नाही, असे कसे होईल? एक माणूस, त्याची एक गरज आणि वाटेतली एक अडचण, एवढा सांगाडा मुलांना या एका गोष्टीवरून समजतो.

तिसऱ्या बैठकीपासून लिहिलेल्यावर काम सुरू करावे. शिंपीकाम करणाऱ्या घरातला मुलगा पहिल्यांदा बहुधा असे लिहील:

‘ईदच्या आधी दुकानात फार गर्दी असते. आम्ही रात्रभर काम करतो. सर्वजण खूप मेहनत करतात. मेहनतीचे फळ गोड असते.’

यात खोटे काही नाही. पण हे कोणत्याही दुकानाला लागू पडते. येथे चुका काढण्याऐवजी प्रश्न विचारावेत. कोणती रात्र? कोणाचा कपडा? काय अडले? मग कोण काय बोलले? उत्तरे लिहिता लिहिता तोच मजकूर असा होऊ शकतो:

‘चाँदरात होती. अकरा वाजले होते. एका लहान मुलाची शेरवानी अजून बिनबाह्यांची होती. मी बाह्या जोडायला घेतल्या, तर डावी बाही उजवीपेक्षा एक इंच आखूड. ती मीच कापली होती. कापड संपले होते. उस्ताद समोर काज करीत होते. मी दोनदा तोंड उघडले आणि मिटले. बाहेर मुलाचे वडील सायकल उभी करीत होते. मी म्हणालो, “उस्ताद, बाही चुकली.” त्यांनी चष्मा वर सरकवला. काही बोलले नाहीत. उजवी बाहीही एक इंच कापली आणि दोन्हींना अस्तराची पट्टी जोडू लागले.’

शब्द थोडेच आहेत, पण आता ही या दुकानाचीच गोष्ट झाली. तात्पर्य लिहिले नसले तरी वाचणाऱ्याला उस्ताद कळले. परीक्षेत तात्पर्य मागितले असेल तर शेवटी एका ओळीत द्यावे; गोष्टीच्या पोटात कोंबू नये.

पुढची पायरी शिंप्याच्या मुलाला समजवावी लागत नाही. आधी बेतणे, मग कच्चा टाका, मग अंगावर घालून पाहणे आणि शेवटी पक्की शिलाई. गोष्टही एका बैठकीत पक्की करू नये. आठवड्याने मोठ्याने वाचावी. वाचताना जीभ जेथे अडखळते तेथे वाक्य उसवावे. ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी तपासावे. पहिल्याच खर्ड्यावर लाल शाई फिरली तर मुलगा पुढच्या वेळी फक्त स्पेलिंग येतात तेवढेच शब्द वापरील, आणि त्याची गोष्ट पुन्हा गाईडमधली होईल.

धंद्याला उपयोग

आता धंद्याचे. आग लागून माल जळाला, ट्रान्सपोर्टमध्ये गठ्ठा फुटला किंवा गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, की आपले लोक अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याकडे धावतात. विमा कंपनीला आणि बँकेला हवे काय असते? काय घडले, कधी घडले, कोण हजर होते, किती नग गेले, मग तुम्ही काय केले. घडलेली गोष्ट क्रमाने, आकड्यांसह आणि फापटपसारा न करता सांगणे, हीच ती विद्या. फरक एवढाच, की कल्पनेतली गोष्ट रचता येते, अर्जात मात्र घडलेलेच लिहावे लागते. ज्या मुलाने वर्षभरात १० गोष्टी लिहिल्या, त्याला अर्ज लिहिताना घाम फुटणार नाही. आणि स्वतःचा मजकूर स्वतः लिहिणारा माणूस दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करीत नाही, हा फायदा तर त्याहून मोठा.

ऐकणाऱ्याची कसोटी

एक गोष्ट मात्र वडीलधाऱ्यांनी आधीच पक्की करावी. मुलगा खरे लिहू लागला की आपल्याला न आवडणारेही कागदावर येईल. उस्तादाने मारलेली थप्पड येईल, गल्ल्यातून घेतलेले १० रुपये येतील. शाळेचे दप्तर घेऊन दारासमोरून जाणाऱ्या मित्राकडे पाहताना काय वाटते, तेही येईल. मुलगी लिहील की तिला अजून शिकायचे होते. अशा वेळी वही म्हणजे पंचनामा समजून जाब विचारला, तर ती वही त्याच दिवशी बंद होते आणि मुलाचे मनही. हे एका मुलाविषयी आहे असे न म्हणता ‘या गोष्टीतल्या मुलाला काय हवे आहे?’ असे विचारावे. तो त्यावर बोलेल. कदाचित त्यातूनच त्याच्या कामाचे तास कमी करावेत, की त्याला पुन्हा शाळेत घालावे, याचा निर्णय घरात होईल. कायद्यानेही २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाने घरच्या धंद्यात मदत करायची ती शाळेची वेळ सोडूनच, आणि १८ वर्षांपर्यंत धोक्याच्या कामावर कोणालाही ठेवता येत नाही. त्यामुळे दिवसातला एक तास वहीसाठी देणे म्हणजे मुलावर मेहेरबानी नव्हे.

मराठी ही आपल्याही लिहिण्याची भाषा आहे. सोलापुरात १९९० मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हेच ठळकपणे पुढे आले. पण संमेलने लेखक घडवीत नाहीत; ते घरात आणि दुकानात घडतात. एक दोनशे पानी वही, एक पेन आणि आठवड्यातून एकदा मध्ये न बोलता ऐकणारा माणूस, इतकेच भांडवल यास लागते. येत्या सुट्टीच्या दिवशी वाचकांनी आपल्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवावे, दुकानात काय बिघडले ते विचारावे, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहावे, एवढीच आमची सूचना आहे.