पोपटाचा परवाना

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरात ओसरीच्या कडीला टांगलेला पोपटाचा पिंजरा ही काही नवलाची वस्तू नव्हे. तापीकाठच्या यावल-रावेरकडे काय किंवा पांझरेकाठच्या धुळ्याकडे काय, पहाटे 'विठू विठू' हा घोष ऐकत कित्येक पिढ्या वाढल्या. घरातील आजी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालते, मुले हिरवी मिरची देतात आणि पाहुणा दारात आला की यजमानाच्या आधी पोपटच त्याचे स्वागत करतो. अशा घरांतून हल्ली एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे : "पोपट पाळायला परवाना लागतो म्हणतात, तो कोठे मिळतो?"

या प्रश्नाचे उत्तर ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. आपल्या रानातला पोपट हौसेने घरी पाळण्यासाठी परवाना मिळतच नाही. कुत्रा पाळणाऱ्याला अनेक शहरांत नगरसंस्थेकडे नोंद करून परवाना घ्यावा लागतो, म्हणून पोपटाचेही तसेच असेल, अशी लोकांची समजूत होते. परंतु कुत्रा हा हजारो वर्षे माणसाच्या संगतीत राहिलेला पाळीव प्राणी आहे. पोपट कितीही गोड बोलला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो वन्य पक्षीच होय.

पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण देण्याचा विचार आपल्याकडे अगदीच नवा नाही. विणीच्या हंगामातील वन्य पक्ष्यांविषयीचा पहिला कायदा इंग्रजी अमदानीत १८८७ साली झाला व १९१२ साली त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. स्वातंत्र्यानंतर जळगाव व धुळे हे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश या नावांनी मुंबई राज्यात असताना, १९५१ साली त्या राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी स्वतःचा कायदा केला. मात्र आजचा सारा व्यवहार ज्यावर चालतो, तो वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे. पुढे १९९०-९१ च्या सुमारास भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली. २०२२ साली अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असलेला आपला नेहमीचा पोपट आणि खांद्यावर तांबडा पट्टा असलेला मोठा करण पोपट, दोघेही आता या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत.

या अधिनियमातील 'शिकार' या शब्दाचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. बंदूक झाडणे एवढाच तो नाही. पक्षी पकडणे, त्याला फासे लावणे, त्याची अंडी फोडणे, इतकेच काय पण त्याच्या घरट्याला उपद्रव देणे, हे सारे शिकारीतच मोडते. बेकायदा पकडलेला किंवा पाळलेला वन्य पक्षी ही सरकारची मालमत्ता ठरते. असा पक्षी कोणत्याही मार्गाने कोणाच्या हाती आला, तर त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा अधिकृत वन अधिकाऱ्यास कळवले पाहिजे. नियम मोडणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, प्राणिसंग्रहालय अशा ठरावीक कामांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. परंतु घरची करमणूक हे काही त्यांपैकी काम नव्हे.

एवढा कडकपणा कशासाठी, असे कोणी विचारील. ज्वारीची कणसे हुरड्यात आली की हाच पोपट थव्याथव्याने शिवारावर उतरतो आणि खातो थोडे, पाडतो फार. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला त्याचे कौतुक ठाऊक नसते ! मग ज्याला शेतातून हाकलायचे, त्याला पिंजऱ्यात चार दाणे घातले तर बिघडले कोठे ? याचे उत्तर बाजारात सापडत नाही. ते झाडाच्या ढोलीत सापडते.

पोपट काड्यांचे घरटे बांधत नाही. जुन्या आंब्याच्या, निंबाच्या किंवा पिंपळाच्या खोडातली पोकळी तो शोधतो. सुतारपक्ष्याने कोरून सोडलेले भोक मिळाले तर तेच थोडे रुंद करून घेतो. हिवाळा सरता सरता मादी त्यात सहसा तीन ते पाच अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांनी निघालेली पिल्ले आंधळी आणि उघड्या अंगाची असतात. आईबाप आपण खाल्लेले अन्न मऊ करून परत त्यांच्या चोचीत भरवतात आणि सहा-सात आठवड्यांनी ती उडू लागतात. पकडणारा येतो तो या मधल्या काळात, कारण लहानपणी धरलेले पिल्लूच माणसाळते आणि बोलते. ढोलीत हात जात नसेल तर कुऱ्हाडीने तिचे तोंड मोठे केले जाते. पिल्ले टोपलीत दाटीवाटीने भरून दूरच्या बाजारात नेली जातात व वाटेत उन्हाने, भुकेने त्यांतील कित्येक मरतात. फोडलेली ढोली पुन्हा घरट्याच्या कामी येत नाही आणि पोकळी धरण्याइतकी जुनी झाडे शेताच्या बांधावर आता उरली आहेत तरी किती ? ओसरीवरच्या एका पिंजऱ्यामागे हा एवढा हिशेब असतो. घेणाऱ्याला तो दिसत नाही, इतकेच.

विकणाऱ्यापाशी मात्र उत्तरे तयार असतात. "हा पिंजऱ्यातच जन्मला, रानातला नव्हे," हे त्यांतले एक. ते टिकत नाही. पिंजऱ्यात अंड्यातून बाहेर आल्याने वन्य पक्षी पाळीव ठरत नाही. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा एक करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला. त्याच्या याद्यांतील निर्बंधांतून कंठवाला पोपट वगळलेला आहे, असेही एखादा माहीतगार सांगेल. ते खरे आहे; पण देशातल्या देशात आपलाच कायदा चालतो.

परदेशी पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि परवान्याची चर्चा बहुधा तेथूनच उगवली असावी. जळगाव-धुळ्याच्या बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जे रंगीत चिमुकले पक्षी विकले जातात, ते बहुतेक ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. ते आपल्या रानचे नाहीत व वरील कराराच्या यादीतही नाहीत. म्हणून त्यांची नोंदणी लागत नाही. आफ्रिकेतला करडा पोपट किंवा दक्षिण अमेरिकेतला मकाव यांची नावे मात्र त्या यादीत आहेत. असे पक्षी बाळगणाऱ्यांसाठी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने नियम प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणे पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. पुढे पिल्ले झाली, पक्षी मेला किंवा दुसऱ्यास दिला, तर तेही कळवावे लागते. करड्या पोपटासारख्या अत्यंत संरक्षित जातीची पैदास करायची असेल, तर मात्र खराखुरा परवाना लागतो. अर्थात विकत घेताना पावती व मूळ कागदपत्रे मागून घेणे, हे ओघाने आलेच.

राहता राहिला आजीचा विठू. वीस वर्षे घरात असलेला, माणसांच्या हाका मारणारा हा पक्षी कायदा कळला म्हणून कोणी एके सकाळी पिंजऱ्याचे दार उघडून सोडून देतात. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट होतो. ज्याचे पंख कापलेले आहेत किंवा वर्षानुवर्षे ताणलेलेच नाहीत, तो छपरापर्यंतही नीट पोचत नाही. रानातले फळ कोणते, मांजर कोण, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. कावळे त्याला टोचून टोचून खाली आणतात. पिंजऱ्यातला एखादा रोग त्याच्याबरोबर रानातल्या थव्यात जाण्याचाही संभव असतो.

म्हणून पिंजऱ्यासह त्याला वनपरिक्षेत्र कार्यालयात आपण होऊन नेऊन देणे, हाच सरळ मार्ग आहे. कार्यालय कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. तो किती वर्षांचा, काय खातो, कोणाच्या हातून खातो, हे सांगावे. त्याच्या देखभालीसाठी ही माहिती लागते. अशा पक्ष्याची पशुवैद्याकडून तपासणी व्हावी लागते आणि मोठ्या जाळीघरात त्याला हळूहळू उडण्याची सवय लावावी लागते. पंखांत बळ आले व तो थव्यात मिसळू लागला, तरच त्याला रानात सोडतात. जो कधीच उडू शकणार नाही, त्याला उरलेले आयुष्य देखरेखीखाली काढावे लागते. तेथेही तो सकाळी विठू विठू म्हणतच राहतो.