मुंबईची जुनी मशीद व बेने इस्राएल जमातीचे मराठी कागद

मुंबईच्या मांडवी भागांत सॅम्युअल स्ट्रीट या नांवाचा रस्ता आहे. त्यावरील यहुदी प्रार्थनामंदिराचें इब्री नांव ‘शार हाराहमीम’, म्हणजे दयेचें द्वार, असें असून बेने इस्राएल लोक परंपरेनें त्यास ‘जुनी मशीद’ म्हणत आले आहेत. हें मंदिर १७९६ सालीं स्थापन झालें. मुंबईंतील यहुद्यांचें हें आद्य सभास्थान होय. यहुद्यांचें मंदिर म्हटलें कीं त्याच्या इतिहासाचीं साधनें इब्री भाषेंत असावयाचीं, अशी समजूत सहज होते. या मंदिरापुरती ती समजूत सोडून देऊन संशोधकांनीं मराठी कागदांकडे वळलें पाहिजे, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें येथें देतों.

प्रथम या जमातीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर तारूं फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, व त्यांजपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरा आहे. पूर्वीच्या कुलाबा व हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत गांवोगांव राहून ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेआगरचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर, किहीमचे केहीमकर अशीं त्यांचीं आडनांवें गांवांवरूनच पडलीं. सुंता, शनिवारचा विसावा व खाण्यापिण्याचे निर्बंध त्यांनीं पाळले. मात्र ‘शेमा’ या प्रार्थनेखेरीज इब्री भाषा बहुतेक विसरली गेली होती. घरची भाषा मराठी झाली, ती कायमचीच.

मंदिराचे संस्थापक सॅम्युअल इझिकेल दिवेकर. घरगुती मराठी नांव समाजी हसाजी. हे कंपनी सरकारच्या पलटणींत अंमलदार असून म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धांत (१७८०–८४) टिपू सुलतानाच्या कैदेंत पडले. तेथें जात विचारली असतां त्यांनीं ‘बेने इस्राएल’ असें उत्तर दिलें. कुराणांत ज्यांचा उल्लेख आहे ते हेच लोक, असें जाणून सुलतानाच्या मातोश्रींनीं त्यांचे प्राण वांचविले. व त्या सुटकेचा नवस म्हणून हें मंदिर उभें राहिलें, अशी कथा जमातींत सांगतात. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडीं चालत आली आहे. तिला पोषक इतकें निश्चित म्हणतां येतें कीं, कुराणांतील सतराव्या सूऱ्यास ‘बनी इस्राईल’ असेंही नांव आहे, आणि १७८४ च्या मंगळूरच्या तहान्वयें कैद्यांची सुटका ठरली होती. संवाद मात्र कथेचा भाग समजावा.

मंदिर बांधल्यानंतर समाजी कोचीनला गेले, ते तोरा ग्रंथाच्या गुंडाळ्या आणण्यासाठीं, असें सांगतात. तेथेंच १७९७ सालीं त्यांचें देहावसान झालें. या प्रवासाचें कारण हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. मंदिरांत वाचावयाचा तोरा छापील चालत नाहीं. तो चर्मपत्रावर, शाईनें, लेखकानें हातानें लिहिलेलाच लागतो. एक अक्षर चुकलें तरी दुरुस्तीवांचून ती प्रत वाचनास अयोग्य ठरते. जीर्ण झालेली प्रत फाडीत वा जाळीत नाहींत, तर आदरानें भूमींत पुरतात. ज्या धर्मांत जुनी पोथी मातीस देणें हेंच पुण्यकर्म, तेथें प्राचीन धर्मपोथ्यांच्या आधारें मंदिराचा इतिहास रचूं पाहणाऱ्याच्या हातीं थोडेंच लागणार. इब्री साधनांवर विसंबूं नये, याचें पहिलें कारण हें.

दुसरें कारण असें कीं, जमातीचा व्यवहारच मराठींत होता. मंदिराच्या कारभाऱ्यांत हजान, गबई व शमाश हीं इब्री नांवें आहेत खरीं; पण मुख्यास मुकादम व त्याच्या साहाय्यकांस चौगुले म्हणत, आणि हे शब्द आपल्या गांवगाड्यांतले आहेत. सणांचीं नांवेंही तशींच. वर्षारंभास ‘नव्याचा सण’, पुरीमास ‘होळीचा सण’, मंदिरनाशाच्या दुखवट्याच्या दिवशीं बिरडें खात म्हणून त्यास ‘बिरड्याचा सण’, आणि उपासास ‘रोजा’. प्रार्थनामंदिरास मुंबईंत ‘मशीद’ म्हणत, तर डेव्हिड ससून यांनीं पुण्यांत बांधविलेल्या व १८६७ मध्यें पुऱ्या झालेल्या मंदिरास पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणूं लागले. शेजाऱ्यांच्या शब्दांनीं आपला धर्म बोलून दाखवावा आणि तरीही तो निराळा राखावा, हें या जमातीचें वैशिष्ट्य या नांवांवरून स्पष्ट होतें.

एकोणिसाव्या शतकांत इब्रीचें पुनरध्ययन झालें तेंही मराठीच्या द्वारें. डॉ. जॉन विल्सन यांचें मराठींतील इब्री व्याकरण १८३२ चें. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हगादा’ १८४६ सालीं मुंबईंत मराठी अर्थासह शिळाप्रेसवर छापली गेली. पुण्याच्या १८७४ च्या सचित्र प्रतींत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसलेल्या दाखविल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले, व १८८० पासून बायबलांतील आख्यानांवर कीर्तनें होऊं लागलीं. जुन्या मशिदीचें सभास्थान १८६० मध्यें आजच्या जागीं आलें, तें याच काळांत.

कागद वेळीं जपला नाहीं तर काय होतें, हें हाइम सॅम्युअल केहीमकर यांच्या ग्रंथावरून कळतें. बेने इस्राएलांचा हा इंग्रजी इतिहास १८९७ सालीं लिहून तयार होता. तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव येथें, ग्रंथकार निवर्तल्यावर. तें बाड चाळीस वर्षें टिकलें म्हणून आज आपणांस हा इतिहास इतका तरी सांगतां येतो. पुढें १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर जमातीचे बहुसंख्य लोक तिकडे गेले, व घरोघरच्या पेट्याही त्यांजबरोबर गेल्या किंवा येथेंच विखुरल्या.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, कोंकणांतील मोडी रुमाल चाळतांना हसाजी, समाजी, इसाजी, बनाजी यांसारख्या नांवांवर नजर ठेवावी. एकट्या नांवावरून निर्णय करूं नये, कारण आबाजीसारखीं नांवें हिंदूंतही आहेत. परंतु तशा नांवाजवळ तेलाचा घाणा, शनिवारची सुटी, वर सांगितलेला एखादा सण किंवा ‘इस्राएल’ हा शब्द आढळल्यास तो कागद निराळा काढून त्याची नक्कल करून ठेवावी. गुंडाळी पुरली गेली तरी धर्मदृष्ट्या तिची नवी प्रत लिहितां येते. चौगुल्याच्या हिशेबाच्या कागदाची दुसरी प्रत मात्र कोठेंच नसते.